टर्बो बसवा, पण पेट्रोलचे काय?

आमच्या गॅरेजवाल्या बांधवांना जुन्या इंजिनाला टर्बो बसवण्याचा सोस आहे, पण पंपावर मात्र ते काटकसर करतात. हे आम्हास मुळीच पटत नाही. कार्बोरेटर टर्बो आणि इंजिनाच्या मध्ये असला की फ्लोट चेंबरवरही बूस्टचा दाब येतो. बूस्ट ७ पौंड आणि जुना पंप ४-५ पौंडांचा, मग पेट्रोल आत शिरणार कसे? ते कमी पडते, इंजिन नॉकिंग करते, शेवटी पिस्टन वितळतो. गिऱ्हाईकाचे इंजिन आपल्याकडे अमानत असते! तेव्हा बूस्टच्या बरोबरीने दाब वाढवणारा रेग्युलेटर आणि दमदार इलेक्ट्रिक पंप घ्यावाच. इंजेक्शन जमत असेल तर उत्तम. मात्र इंजेक्टरही मोठे लागतात. एवढा खर्च ज्याला नको, त्याचे काम सरळ परत करावे, मजुरी बुडाली तरी.