ओळख पटली, पण कोणाची?

१८९६ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात एकामागून एक स्त्रियांनी अ‍ॅडॉल्फ बेककडे बोट दाखवले: आम्हाला फसवणारा हाच! तशाच फसवणुकीबद्दल १८७७ मध्ये ‘जॉन स्मिथ’ला शिक्षा झाली होती आणि तेव्हा बेक पेरूमध्ये होता; म्हणजे दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे असतील, तर तो माणूस बेक नव्हता. पण हा मुद्दा न्यायाधीशांनी गैरलागू ठरवला. शिक्षा सात वर्षांची. १९०४ मध्ये तो पुन्हा दोषी ठरला आणि मग खरा भामटा सापडला. इंग्लंडमध्ये १९०७ साली फौजदारी अपिलाची सोय झाली, त्यामागे हेही प्रकरण होते.

नातेवाइकांना उभे करून ‘गुन्ह्याच्या वेळी मी तिथे नव्हतोच’ असा बचाव कोणीही करेल, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच आपल्याकडे ते सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे. पण तो बचाव फसला म्हणून साक्षीदाराची नजर आपोआप अचूक ठरत नाही. प्रामाणिकपणे चुकणारा साक्षीदार उलटतपासणीतही डगमगत नाही, कारण तो खोटे बोलतच नसतो. तेव्हा अपील ऐकताना आरोपी कुठे होता याआधी उजेड किती होता, चेहरा किती वेळ दिसला आणि ओळख परेड किती दिवसांनी झाली, हे न्यायालयाने तपासावे.