सिस्टरला कोण विचारतं?

जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. पेशंटचे हाल किती झाले यावर भरपूर बोललं गेलं, मागणी मात्र एका ओळीत आटोपली: कंत्राटी भरती नको, कायम पदं भरा. मे २०२२ मध्येही त्या बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्धच उतरल्या होत्या. तीन वर्षांत एकच गाऱ्हाणं मांडायला दोनदा काम बंद ठेवावं लागलं. याचा अर्थ मधल्या काळात ते ऐकून घेणारी जागाच नव्हती, असं मी मानतो.

पातूरकरांना हा विषय लांबचा वाटायचं कारण नाही. बाळंतपण अडलं, साप चावला, घाटात गाडी उलटली, की रेफरची चिठ्ठी, १०८ आणि अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय. तिथं डॉक्टर राउंड घेऊन जातात. रात्रभर जवळ असते ती सिस्टर. 'सिस्टर, सलाईन सरली', 'सिस्टर, बुढ्याले दम लागला', अशा हाका चहूकडून सुरू असतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, शिवाय रजेसाठी तीस टक्के जादा. सरकारी वॉर्डात आपल्या माणसापाशी रात्र काढलेल्यांनी आठवून पाहावं, किती खाटांमागे एक सिस्टर होती.

सिस्टरच्या थकण्याचा भार पेशंटवर येतो, हे मोजून झालेलं आहे. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक पेशंट वाढला, की ऑपरेशन झालेल्या माणसाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि ती स्वतः कामानं पार खचण्याची २३ टक्क्यांनी, असं त्यांना आढळलं. कॅलिफोर्नियातल्या परिचारिका तर हे आधीपासून सांगत होत्या. त्यांच्या रेट्यामुळे तिथं परिचारिकेमागे किती पेशंट असावेत हे प्रमाण कायद्यात आलं, आणि २००४ पासून ते लागू आहे.

उपकेंद्रावरच्या नर्सबाईंची तऱ्हा आणखी वेगळी. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, घरभेटी, आणि त्यावर नोंदींचं ओझं: आधी रजिस्टर, मग तेच ॲपवर. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, प्रशासनानं जमावबंदीचा आदेश काढला. लोकांना घरात राहा म्हणणं बरोबरच होतं. पण ज्यांचं कामच गावोगाव फिरायचं, त्यांच्यासाठी त्या दिवसांत काय बदलायला हवं, हे त्यांनाच विचारायला नको का?

विचारलं जातं ते आक्रीत घडल्यावर. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली, तेव्हा अटक झालेल्यांत तीन परिचारिका होत्या. दोष कुणाचा, ते न्यायालयानं ठरवावं. माझा प्रश्न त्याआधीचा आहे. वायरिंगबद्दल, रात्रीच्या माणूसबळाबद्दल ड्युटीवरच्या बाईनं काही सांगितलं, तर ते लिहून घेऊन उत्तर देण्याची सक्ती कुणावर होती?

ऐकून घेतलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. ड्युटी संपवून त्या तळघरातल्या खोलीत कपडे बदलत होत्या. त्या अंथरुणाला खिळल्या, आणि त्यानंतर जवळपास बेचाळीस वर्षं, १८ मे २०१५ ला मृत्यू होईपर्यंत, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. त्यांना दुसरीकडे हलवण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा परिचारिकाच आडव्या आल्या. दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये निकाल दिला, तो परिचारिकांचं म्हणणं मान्य करून. अरुणाच्या वतीनं बोलण्याचा अधिकार तिला रोज भरवणाऱ्या, कूस बदलवणाऱ्या रुग्णालयाच्या माणसांचाच, असं न्यायालयानं म्हटलं. त्या निकालाबद्दल मला नितांत आदर आहे.

आणि म्हणूनच २०२४ चा ऑगस्ट खुपतो. कोलकात्याच्या रुग्णालयात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर याच न्यायालयानं आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं. त्याचे सगळे सदस्य डॉक्टर, आणि पदसिद्ध सदस्य होते ते सचिव आणि वैद्यकीय संस्थांचे प्रमुख. परिचारिका एकही नव्हती.

दिल्लीपर्यंत आपला हात पोचत नसेल, पण रुग्ण कल्याण समिती तर आपल्या दवाखान्यात आहे. पातूर तालुक्यात तिच्या प्रत्येक बैठकीत पहिला अर्धा तास परिचारिका आणि आरोग्य सेविकांचा असावा. ज्यांचा त्यांच्या बदलीशी, गोपनीय अहवालाशी संबंध येतो, त्या अधिकाऱ्यांनी तेवढा वेळ बाहेर बसावं, नाहीतर कुणी तोंड उघडणार नाही. कंत्राटी सिस्टरला तर मुदतवाढ न मिळण्याची धास्ती कायमचीच असते. जे सांगितलं जाईल ते इतिवृत्तात जावं आणि महिन्याच्या आत लेखी उत्तर यावं, पैसे नाहीत असं असलं तरी तसं लिहून. सुरुवात साध्या प्रश्नांनी करता येईल: कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली आहे का, नाईटला एकटीच असतेस का, आणि लागोपाठच्या नाईटनंतरची सुट्टी खरंच मिळते का.