आधी फीत, मग पडदा

घरचा जुना टीव्ही काढून हाय डेफिनिशनचा संच घ्यावा काय? जरूर घ्यावा, पण त्यावर पाहणार काय, हेही ठरवावे. आपल्याकडील डीव्हीडीच्या चित्रात सुमारे ४ लाख बिंदू. १९२० × १०८० च्या पडद्यावर २० लाखांहून अधिक. उरलेले यंत्र अंदाजाने भरते. आडातच नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार?

आणि कपाटातल्या लग्नाच्या, बारशाच्या व्हीएचएस फितींचे काय? त्यांच्यावरील चित्र काळाबरोबर क्षीण होते, दमट हवेत बुरशी धरते. जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली व्हीसीआर बनविणे थांबविले. नवा संच उद्याही मिळेल. फितीतली हसती-बोलती आजी पुन्हा मिळायची नाही. तेव्हा पहिला पैसा त्या फितींच्या डिजिटल प्रतींवर खर्चावा, हेच शहाणपणाचे.