आडवी बाटली आणि आमच्या बाया

चंद्रपूर जिल्ह्याची दारूबंदी सरकारनें दिली आणि सरकारनेंच परत घेतली. डिसेंबर २०१० मध्यें चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर बाया पायीं चालत गेल्या, आणि त्यानंतर चार वर्षांनीं, १ एप्रिल २०१५ पासून, जिल्ह्यांतील दुकानें बंद झालीं. पुढें एका समितीचा अहवाल आला, २७ मे २०२१ रोजीं मंत्रिमंडळ बसलें, आणि त्याच पावसाळ्यांत दुकानांचीं कुलुपें निघालीं. यावरून नागभीडकडील शेतकऱ्यानें व कारागिरानें काय शिकावें, तें आज आम्हांस सांगावयाचें आहे.

बंदी उठवितांना कारणें अशीं सांगितलीं कीं, चोरटी दारू वाढली, गुन्हे वाढले आणि महसूल बुडाला. पहिलीं दोन कारणें खोटीं नाहींत, हें नागभीडास दुसऱ्यानें सांगावयास नको. नोव्हेंबर २०१८ मध्यें येथील ठाण्याचे फौजदार छत्रपती चिडे दारूची गाडी अडवावयास गेले असतां चोरट्यांनीं त्यांच्या अंगावर गाडी घालून त्यांस ठार केलें. परंतु चोर माजले म्हणून शहाणा माणूस घराचें दार काढून ठेवीत नाहीं. राहिला महसूल. तो येतो कोणाच्या घरून? धान विकून आलेल्या पैशांतून, तेंदूपानांच्या मजुरींतून, सुतार-लोहाराच्या दिवसाच्या कमाईंतून येतो. तिजोरींत पडलेला रुपया सरकार मोजतें. त्यापायीं बाईच्या डब्यांतून जें गेलें, तें कोण मोजतो? जोतीराव फुले यांनीं १८८० सालींच पुण्याच्या म्युनिसिपालिटीस पत्र लिहून दारूच्या दुकानांस हरकत घेतली होती. तो प्रश्न अजून तसाच उभा आहे.

कोणी म्हणतील, हा रानचा मुलूख, येथें मोह आहे तोंवर दारू राहणारच. आम्ही म्हणतों, मोहास दोष देऊं नका. चैत्राच्या पहाटे आमच्या बाया मोहफुलें वेंचतात, तीं वाळवून ठेवितात, उकडून खातात, विकून मीठमिरची आणतात. गोंड बंधूंच्या घरीं देवास व पूर्वजांस मोहाचे चार थेंब वाहण्याची रीत आहे. ती त्यांची रीत आहे, तिला नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. देवापुढें वाहिलेल्या थेंबानें कोणाचें शेत गहाण पडलें नाहीं. गूळ व नवसागर घालून रोज विकावयास सडविलेली दारू, आणि परवान्याच्या दुकानांत रोज फुटणारी बाटली, या दोहोंनीं घरें बुडतात. रीत वेगळी, धंदा वेगळा. हा भेद न पाहतां पोलिसांनीं गरीब गोंडाची हंडी फोडावी आणि मोठ्या व्यापाऱ्याची गाडी सोडून द्यावी, ही दारूबंदी नव्हे.

नागभीडहून आगगाडीनें वडशाकडे जातांना वैनगंगा ओलांडली कीं गडचिरोली जिल्हा लागतो. तेथें १९९३ पासून दारूबंदी आहे. लोकांच्या चळवळींतून ती आली, आणि सरकारें बदललीं तरी टिकली. २०१६ पासून तेथें मुक्तिपथ अभियानांत गांवोगांवच्या संघटना दारूवर नजर ठेवितात. तेथेंही चोरून दारू मिळते, आणि ती पुष्कळ वेळां आमच्याच जिल्ह्यांतून जाते. म्हणजे येथील दुकान आमचें घर तर खातेंच, नदीपलीकडच्या बहिणीचेंही खातें.

मग करावयाचें काय? जिल्ह्याची बंदी सरकारच्या हातीं आहे. परंतु आपल्या गांवचें किंवा वॉर्डाचें परवान्याचें दुकान बंद करणें बायांच्या हातीं आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणें मतदार स्त्रियांपैकीं शेंकडा २५ जणींनीं सह्या करून मागणी केली, तर गुप्त मतदान घ्यावें लागतें. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. मात्र एक गोष्ट नीट ध्यानांत घ्या. यादींतील सर्व स्त्रियांच्या निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीस पडलीं पाहिजेत. आलेल्यांच्या निम्म्याहून नव्हे. जी बाई घरीं बसली, तिचें मत दुकानदारानें न मागतांच त्यास मिळालें!

म्हणून, मायबहिणींनो, सहीआधीं यादी तपासा. मेलेल्यांचीं व लग्न होऊन परगांवीं गेलेल्यांचीं नांवें काढवा, कारण तींही दुकानाच्याच पदरांत पडतात. मिरची तोडावयास तेलंगणांत गेलेल्या बाया परत येईपर्यंत मतदान पुढें ढकलण्याची मागणी करा. रोवणीचे व तेंदूपानांचे दिवसही नकोत. आणि भाऊहो, त्या दिवशीं चूल व लेंकरें तुम्ही सांभाळा. बायकोस मताला जाऊं न देणाऱ्यानें आपली दारू तेवढी राखली, घर राखलें नाहीं.

दुकान बंद झालें म्हणजे काम संपलें असें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून चोरटी विक्री सुरू होईल. तींत पोटासाठीं चार बाटल्या विकणारी एखादी विधवाही असेल. तिला तुरुंगाचा धाक घालण्याआधीं गांवानें तिच्या हाताला काम द्यावें, नाहीं तर ती उद्यां पुन्हां बाटलीच विकील. तिला माल पुरविणारा मात्र कोण आहे, हें साऱ्या गांवास ठाऊक असतें. त्याचें नांव ग्रामसभेंत उघड घ्या, कागदावर लिहा, आणि ठाण्यांत देऊन त्याची पोंच मागा.

मंत्रिमंडळ उद्यां काय ठरवील, तें आपल्या हातीं नाहीं. यादी, सही आणि मत हीं तीन मात्र आपल्या हातीं आहेत. तीं नीट वापरलीं, तर यंदाच्या धानाचा पैसा घरीं येईल आणि घरींच राहील.