पेटीवरचा आकडा



आमच्या गॅलरीतल्या लाकूड कोरणाऱ्या यंत्राचा, म्हणजे घरगुती सीएनसीचा, फोटो नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला आणि पुण्याच्या भाच्याचा लगेच फोन आला. "आत्या, मोटरच्या ड्रायव्हरवर एवढे पैसे कशाला घातलेस? चार अँपिअरची पेटी त्याच्या निम्म्यात मिळते. सगळे तीच वापरतात."

सगळे तीच वापरतात! वर्गात तीस वर्षं हेच ऐकलं. "बाई, सगळ्यांनी हेच उत्तर लिहिलंय." सगळ्यांनी लिहिलंय म्हणून चुकीचं उत्तर बरोबर होत नाही, हे तेव्हाही सांगत होते, आजही सांगते. मी मराठी माध्यमातली बी.ए. इंजिनिअरिंगशी माझा संबंध एवढाच की ट्रॉम्बेत राहते आणि शेजारीपाजारी बीएआरसीत नोकरी केलेली मंडळी आहेत. पण भागाकार मला येतो, आणि या विषयात तेवढ्यावर बरंच भागतं.

आधी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, एक पाऊल १.८ अंशाचं. संगणक फक्त "टाक, टाक" असे इशारे देतो. मोटरच्या गुंडाळ्यांत प्रत्यक्ष वीज सोडायचं काम ड्रायव्हरचं. मोटरने पाऊल टाकलं की नाही, हे संगणकाला कळतच नाही! शुद्धलेखन घालायचं आणि वह्या तपासायच्याच नाहीत, असा प्रकार. म्हणून सगळी भिस्त ड्रायव्हरवर.

पहिली चूक माझीच. मानखुर्दहून हार्बरने कुर्ला, मग दादर, मग ग्रँट रोड असं करत लॅमिंग्टन रोडला गेले आणि ए४९८८ ची चिमुकली मॉड्यूल्स घेऊन आले. दुकानदार म्हणाला, "दोन अँपिअर." माझ्या मोटरला प्रत्येक फेजला २.८ लागतात. तेव्हाच वजाबाकी करायला हवी होती. शिवाय हीटसिंक आणि वारा नसेल तर ते मॉड्यूल जेमतेम १ अँपिअर झेपवतं, हे नंतर वाचलं. छोटा स्क्रू फिरवून, पंखा लावून दीडपर्यंत नेलं.

पुतणसुनेच्या बालवाडीसाठी लाकडी मुळाक्षरं कोरत होते. अ पासून ह पर्यंत नीट झालं. ळ वर आलं आणि चिप तापून क्षणभर बंद पडली, गार झाली, पुन्हा सुरू झाली. मधली पावलं गेली ती गेलीच. ळ चं दुसरं वेटोळं पहिल्यापासून बोटभर लांब! मुलांनी बोट फिरवून गिरवायचं अक्षर ते. त्यांना मी तो ळ शिकवणार होते का?

आता भाच्याची पेटी. टीबी६६०० नावाने विकली जाते. वर "४ अँपिअर" असं ठळक छापलेलं. हा आकडा शिखराचा. लाट शिखरावर किती काळ असते? आरएमएस काढायचा तर १.४१ ने भागा: येतात २.८. म्हणजे माझ्या मोटरला जेवढे हवेत तेवढेच, वर काही शिल्लक नाही. ती पेटी मे महिन्यात, बंद डब्यात, तासन् तास पूर्ण दमाने चालवायची. दम लागलेल्या माणसाला जिना चढायला लावण्यातला प्रकार. वर गंमत बघा, मी आणलेली एक पेटी उघडली तर आतल्या चिपवरचा नंबर वेगळाच निघाला. नाव एकाचं, आत दुसराच. ती दुसरी चिप वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण जो नाव खरं छापत नाही, त्याच्या आकड्यावर मी का विश्वास ठेवू?

दुसरा मोह बारीक पावलांचा. "हा ३२ भाग करतो, तो १२८!" माझ्या स्क्रूचा एक फेरा ५ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण पाऊलच ०.०२५ मिलिमीटरचं. जुलैत ट्रॉम्बेच्या हवेत प्लाय याहून जास्त फुगतो! शिवाय १६ भाग केले की शेजारच्या बारीक पावलावर ढकलणारा जोर पूर्ण जोराच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. बारीक पावलांनी चाल गुळगुळीत होते, थरथर कमी होते, हे खरं. अचूकता त्याच पटीत वाढते, हे खोटं. मी ८ वर थांबले.

आणि ज्याबद्दल कुणी भांडत नाही ते व्होल्टेज! गुंडाळीत वीज चढायला वेळ लागतो. १२ व्होल्टवर मोटर वेगात फिरवली तर वीज पुरती चढायच्या आत पुढचा इशारा येतो. मुलांनी वह्या उघडेपर्यंत तास संपल्याची घंटा व्हावी तसं. या छंदातला एक प्रचलित ठोकताळा आहे: मोटरच्या मिलिहेन्रीचं वर्गमूळ गुणिले ३२, ही व्होल्टेजची वरची मर्यादा. माझी मोटर २.५ मिलिहेन्रीची, म्हणजे सुमारे ५०. मी ३६ चा सप्लाय घेतला आणि २० ते ५० व्होल्ट चालणारा, ४.२ शिखराचा डीएम५४२. इथेही १.४१ ने भागलं, तेव्हा ३ आले. आणि यावेळी कागदपत्रातही ३ च छापलेले होते. पैसे मी त्या खरेपणाचे मोजले.

भाच्याचं एक मान्य. कागदावर पेनाने चित्र काढणारं हलकं यंत्र असेल, छोटी मोटर असेल, तर ए४९८८ उत्तम आहे. स्वस्त म्हणून वाईट असं नाही. माझं भांडण स्वस्ताईशी नाही, हिशेब न करण्याशी आहे. आधी काम, मग मोटर, मग सप्लाय, शेवटी ड्रायव्हर. आपण नेमके उलटे जातो.

लोक म्हणतात, करून शिका. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून तेच रुजवलं, तिथे २००२ पासून फॅब लॅबही आहे. पण करून शिकणं म्हणजे जाळून बघणं नव्हे. (वीज चालू असताना मोटरची वायर उपटून एक ड्रायव्हर मी जाळलाय. तसं करू नका!)

असो. ळ पुन्हा कोरला. दोन्ही वेटोळी जागच्या जागी. बालवाडीत पोचलाय.

भाच्या, रागावू नकोस. दिवाळीला ये, तुझी पेटी घेऊन ये. दोघं मिळून उघडू.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.