दुसऱ्या कारकिर्दीचा हिशेब

जुन्या कारभाऱ्यास परत बोलाविले की देवस्थानाची घडी आपोआप नीट बसते, हा समज जितका गोड तितकाच घातक आहे. भारतीय फुटबॉलने २०१५ च्या जानेवारीत हाच समज उराशी धरला. २००२ ते २००५ या काळात राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असलेले इंग्रज गृहस्थ स्टीफन कॉन्स्टंटाइन यांस दुसऱ्यांदा पाचारण झाले. भोपाळ हे हॉकीचे गाव खरे. पण फुटबॉलचे सुखदुःख आम्हां भोपाळकरांस परके नाही. २००२ साली व्हिएतनाममध्ये जिंकलेल्या एल.जी. चषकाचे गोडवे त्या वेळी पुन्हा गायिले गेले. २००४ साली सैतामा येथे जपानने चढविलेल्या ७ गोलांचे नाव निघाले नाही.

दुसऱ्या कारकिर्दीत काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ मध्ये जागतिक क्रमवारीत १७३ व्या स्थानी असलेला संघ २०१७ च्या जुलैत ९६ व्या स्थानी पोहोचला. परंतु २०१८ च्या विश्वचषकाच्या पात्रताफेरीत ८ पैकी ७ सामने त्याने गमाविले; ग्वामसारख्या चिमुकल्या बेटानेही त्यास एकदा हरविले. २०१९ च्या आशियाई चषकात थायलंडवर ४–१ असा विजय मिळाला, अमिरातीकडून हार झाली, आणि १४ जानेवारीस बहारीनशी केवळ बरोबरी पुरेशी होती. संघ अंग चोरून बचाव करीत राहिला, वाढीव वेळेत पेनल्टीवर गोल झाला, आणि भारत गटात तळाशी गेला. त्याच रात्री प्रशिक्षकांनी राजीनामा दिला.

चाहत्यांचा संताप रास्त होता. तो एकाच माणसावर ओतला गेला, हे मात्र रास्त नव्हते. न्यायालयात निकालाच्या पुनर्विलोकनाचा अर्ज करावयाचा तर नवा पुरावा किंवा उघड चूक दाखवावी लागते. 'पुन्हा एकदा पाहा' एवढ्याने भागत नाही. मग राष्ट्रीय संघ त्याच हाती पुन्हा सोपविताना 'आता नवे काय?' हा प्रश्न किती जणांनी विचारला?

कोणी म्हणेल, माणूसच चुकीचा होता. तसे असते तर माणूस बदलताच दैन्य सरले असते. त्यानंतर तीन प्रशिक्षक झाले. २०२४ च्या जानेवारीत कतारमध्ये संघ तिन्ही सामने हरून, एकही गोल न करता परतला; आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावी, फातोर्ड्याच्या मैदानावर, सिंगापूरने २–१ असे हरविताच २०२७ च्या आशियाई चषकाचे दारही बंद झाले.

देवळाच्या वार्षिक सभेत मागील हिशेब वाचून झाल्यावाचून जुन्या व्यवस्थापकाची फेरनेमणूक आपण मंजूर करीत नाही. देवाच्या पैशाला जो न्याय, तोच देशाच्या संघाला का नसावा? यापुढे कोणी जुना मोहरा परत आणण्याची भाषा बोलू लागला, तर हारतुरे बाजूस ठेवून प्रथम त्याची जुनी वही मागावी. ती वाचून झाल्यावर स्वागत करावयास कोणाचीच हरकत असणार नाही.