पटते ते खरेच असते का?



इंग्रजीच्या पेपरात ‘प्लॉजिबल’ या शब्दाचा अर्थ विचारला, की मुले बहुधा ‘शक्य’ किंवा ‘विश्वासार्ह’ असे लिहितात. हिंदीतला ‘विश्वसनीय’ ओठांवर बसलेला असल्याने हे स्वाभाविकच आहे. पण दोन्ही अर्थ थोडे हुकतात. ‘शक्य’ म्हणजे जे घडू शकते ते. ‘विश्वासार्ह’ म्हणजे पारखून घेऊन ज्यावर विसंबावे ते. ‘प्लॉजिबल’ म्हणजे ऐकताच पटणारे, पण अजून न तपासलेले. मराठीत आपण ‘पटण्याजोगे’ किंवा ‘सकृद्दर्शनी खरे वाटणारे’ म्हणू. माणसाला हे विशेषण लावले, तर ती स्तुती समजू नये; ‘गोडबोल्या’ असाच त्याचा रोख असतो.

या शब्दाचे मूळ गमतीचे आहे. टाळ्या वाजवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो आला. ‘अप्लॉज’ हा त्याचाच भाऊबंद. थोडक्यात, जे टाळी घेते ते प्लॉजिबल! वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकांनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

पटणे आणि खरे असणे यांतले अंतर भोपाळकरांना कोणी शिकवायला नको. 1981 मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील एक कर्मचारी फॉस्जिन वायूने दगावला. पुढच्या वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या ‘रपट’ साप्ताहिकातून शहरावरील धोक्याचा इशारा दिला. परदेशी कंपनीचा आधुनिक कारखाना शहराचा घात करील, हे तेव्हा फारसे कोणाला पटले नाही. 1984 च्या डिसेंबरात 2 तारखेच्या रात्री टाकी क्रमांक 610 मध्ये पाणी शिरले, विषारी वायू सुटला आणि हजारो जीव गेले. न पटणारे होते, ते खरे ठरले.

पुढे कंपनीने एक कथा मांडली. एका नाराज कर्मचाऱ्याने मुद्दाम टाकीत पाणी सोडले म्हणे. कथा पटण्याजोगी होती, कारण तीत माणूस होता, हेतू होता आणि रीतही होती. पण अशा कोणा कर्मचाऱ्यावर न्यायालयात दोष सिद्ध झाला नाही. शिवाय ती घटकाभर खरी धरली, तरी टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद का होती, निसटलेला वायू जाळणारा मनोरा नादुरुस्त का होता, याचे उत्तर तीत नाही. 7 जून 2010 रोजी भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोषी ठरवले ते निष्काळजीपणाबद्दल.

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, असे आपले वाडवडील सांगत आले. आज मोबाईलवर येणारा प्रत्येक संदेश पटेल असाच लिहिलेला असतो. संगणकाला प्रश्न विचारला तर तोही सफाईदार उत्तर देतो, आणि चुकीचे उत्तरही तितक्याच सफाईने देतो. मुले ते जसेच्या तसे वहीत उतरवतात. भाषा शुद्ध, मांडणी नेटकी. मग गुण कापायचे कशाचे, असा प्रश्न शिक्षकांना पडतो.

आमच्या मते यावर मराठीतच एक नेमका शब्द आहे: ‘कशावरून?’ प्रत्येक निबंधात, प्रत्येक प्रकल्पात विद्यार्थ्याने त्याचे उत्तर द्यावे आणि गुण त्या उत्तरालाही मिळावेत. घरी मुलाने आईवडिलांना असे विचारले, तर ते उद्धटपणाचे मानू नये. आम्ही विश्वस्त मंडळापुढे एखादा प्रस्ताव ठेवू, तेव्हा विश्वस्तांनीही आम्हांस हाच प्रश्न विचारावा, ही नम्र विनंती.